पाण्यात कार्बन असतो का, आणि सेंद्रिय नक्की कशाला म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोसायटीच्या बोअरवेलचं पाणी तपासायला दिलं होतं, त्याचा रिपोर्ट आला. अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलण्याची पाण्याची ताकद, २४०, बायकार्बोनेट २९३ आणि ‘एकूण सेंद्रिय कार्बन’, म्हणजे टीओसी, १.४. सगळे आकडे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. अकरावीतल्या मुलीने तो कागद वाचला आणि वडिलांना कोंडीत पकडलं. पाण्याचं सूत्र एच-टू-ओ, त्यात कार्बन नाहीच, मग हा सेंद्रिय कार्बन आला कुठून? पाणी सेंद्रिय आहे का? आणि कार्बन असेल ते सेंद्रिय, असं धरलं तर बायकार्बोनेटमध्येही कार्बन आहे, मग ते वेगळ्या ओळीत का? शेजारच्या काकांनी त्यात भर घातली की आरओमध्ये कार्बन फिल्टर असतो, तिथून येत असेल.

मुलीच्या शंका रास्त आहेत. फक्त त्यात वेगवेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी सोडवून घेऊ. पाणी नावाच्या पदार्थाच्या रेणूत कार्बन आहे का? नाही, आणि इथे ‘पण’ला जागा नाही. बाटलीत भरून आणलेल्या पाण्यात कार्बन असतो का? जवळजवळ नेहमीच असतो, किती आणि कुठल्या रूपात ते पाणी कुठलं यावर अवलंबून. उरला प्रश्न सेंद्रिय कशाला म्हणायचं हा. तो सगळ्यात चिवट, कारण ती रेघ रसायनशास्त्रज्ञांनी आपल्या कामासाठी आखलेली आहे आणि ती काही ठिकाणी वाकडीतिकडी गेली आहे. मी पाणी आणि सांडपाणी तपासण्याच्या कामात आयुष्य घालवलं, आधी साखर कारखान्यांच्या पट्ट्यात आणि नंतर औषध कंपन्यांच्या शुद्ध पाण्यावर. त्यामुळे माझं उत्तर पुस्तकापेक्षा प्रयोगशाळेच्या टेबलावरून येईल, हे आधीच सांगतो.

रेणूचं लवकर उरकतं. १८ ग्रॅम पाण्यात साधारण २ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन. हिशोब तिथेच पुरा होतो, तिसऱ्या मूलद्रव्याला शिल्लकच राहत नाही. कॅव्हेंडिशने हायड्रोजन जाळून पाणी मिळवलं, १७८३ मध्ये लाव्हाझिएने पाणी हे मूलद्रव्य नसून संयुग आहे हे मांडलं आणि १८०० मध्ये लंडनमध्ये निकोल्सन आणि कार्लाइल यांनी व्होल्टाच्या नव्याकोऱ्या बॅटरीची वीज पाण्यात सोडून ते पुन्हा दोन वायूंमध्ये फोडलं. जोडताना कार्बन लागला नाही, तोडताना निघाला नाही. पाणी म्हणजे एका अर्थी हायड्रोजनची राखच. ते असेंद्रिय आहे, आणि याबाबत कोणत्याही व्याख्येत वाद नाही.

आता बाटली. सर्वांत शुद्ध पाण्यापासून सुरुवात करू. औषध कंपनीत पाणी इतकं स्वच्छ केलं जातं की त्याची विद्युतवाहकता सैद्धांतिक तळाला, म्हणजे २५ अंशांना सेंटिमीटरमागे ०.०५५ मायक्रोसिमेन्सच्या आसपास पोचते. हेच पाणी उघड्या बीकरमध्ये ओतून मीटरची कांडी त्यात धरून उभं राहा. आकडा डोळ्यांदेखत चढायला लागतो आणि १ मायक्रोसिमेन्सच्या आसपास जाऊन रेंगाळतो. पीएच ७ वरून ५.६ च्या जवळ उतरतो. कुणी काही घातलेलं नसतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरलेला असतो. त्याचा थोडा भाग कार्बोनिक आम्ल होतो आणि त्यातला थोडा आयनांत फुटतो. कार्बनच्या वजनात मोजलं तर हे लिटरमागे सुमारे ०.२ मिलिग्रॅम भरतं. म्हणजे डिस्टिल्ड वॉटरचा कॅन उघडला की त्यात कार्बन आलाच. विद्यार्थी दुकानातून आणलेल्या डिस्टिल्ड पाण्याचा पीएच ७ का येत नाही म्हणून मीटरला दोष देतात. मीटर बिचारा बरोबर असतो.

तुमच्या बोअरवेलची गोष्ट याहून रंगतदार आहे. महाराष्ट्राचा बराच भाग काळ्या पाषाणावर, बेसॉल्टवर बसलेला आहे. त्यात चुनखडकाचे थर नाहीत, तरी आपल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर सापडतं. याचं कारण पावसाच्या वाटेत आहे. पाऊस जमिनीत मुरतो तेव्हा मातीच्या बारीक पोकळ्यांमधून जातो. तिथल्या हवेत झाडांची मुळं आणि जिवाणू सतत श्वास सोडत असतात, म्हणून बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त कार्बन डायऑक्साइड असतो. तो पाण्यात विरघळला की पाणी किंचित आंबट होतं आणि खडकातली खनिजं हळूहळू कुरतडतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटतात, आणि त्यांच्या जोडीला आम्लाचं बायकार्बोनेट होऊन बसतं. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, त्यांचीही भर पडते.

इथे जरा थांबा, कारण मुलीच्या तिसऱ्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे. त्या बायकार्बोनेटमधला निदान काही कार्बन काल-परवापर्यंत एखाद्या झाडाच्या मुळात, साखरेच्या रूपात होता. मुळाने साखर वापरली, कार्बन डायऑक्साइड सोडला, तो पाण्यात गेला. सजीवातून आला म्हणून सेंद्रिय म्हणायचं, तर हे बायकार्बोनेटही सेंद्रिय म्हणावं लागेल. तसं कुणी म्हणत नाही. कार्बनचा तो अणू आता कुठल्या जोडणीत बसलाय एवढंच रसायनशास्त्र पाहतं, तो कुठून आला हे विचारत नाही.

तुमच्या रिपोर्टचा हिशोब करू. अल्कलिनिटी आम्ही अशी काढतो: १०० मिलिलिटर पाणी कोनिकल फ्लास्कमध्ये, दोन-तीन थेंब मिथिल ऑरेंज, आणि ब्युरेटमधून ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल थेंब थेंब. पिवळा रंग नारिंगीकडे झुकला की थांबायचं. तुमच्या पाण्याला सुमारे २४ मिलिलिटर आम्ल लागलं असणार, म्हणून २४०. हा आकडा कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत लिहायची प्रथा आहे. त्याचं बायकार्बोनेट करायला १.२२ ने गुणतात, म्हणून २९३. आणि त्यातला निव्वळ कार्बन काढला तर लिटरमागे सुमारे ५८ मिलिग्रॅम. आता टीओसी बघा, १.४. म्हणजे तुमच्या पाण्यात असेंद्रिय कार्बन सेंद्रियच्या चाळीस पट आहे. मुलीने विचारलेला ‘कार्बन आला कुठून’ हा प्रश्न खरं तर या ५८ बद्दल विचारायला हवा होता. पण कागदावर ‘कार्बन’ हा शब्द फक्त टीओसीपुढे छापलेला असतो, त्यामुळे नजर तिथे जाते.

हा असेंद्रिय कार्बन हातात घेऊन बघायचा असेल तर गिझर दुरुस्त करणाऱ्याला सांगून कॉइलवर जमलेल्या पांढऱ्या थराचा एक तुकडा मागून घ्या. पाणी तापलं की बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट चिकटून बसतं. त्याच्या वजनात १२ टक्के कार्बन असतो. त्यावर व्हिनेगर टाकलं की फसफस होते. बाहेर पडणारा तो वायू म्हणजे तुमच्या बोअरवेलचा कार्बन.

मग टीओसीचं यंत्र या ५८ मधून नेमका १.४ कसा वेगळा काढतं? त्याची युक्ती एकदा कळली की सेंद्रिय-असेंद्रियचा अर्धा गुंता सुटतो. सॅम्पलमध्ये आधी आम्ल घालून पीएच २ च्या खाली नेतात. तिथे बायकार्बोनेट, कार्बोनेट सगळं कार्बन डायऑक्साइड होतं. मग कार्बन डायऑक्साइड नसलेली शुद्ध हवा किंवा नायट्रोजन त्यातून काही मिनिटं बुडबुडत सोडतात. ५८ मिलिग्रॅम वाऱ्यावर. उरलेलं पाणी ६८० अंशांच्या भट्टीत, प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर सोडतात, किंवा काही यंत्रांत अतिनील प्रकाश आणि परसल्फेट वापरतात. जे काही कार्बनी उरलं असेल ते जळून कार्बन डायऑक्साइड होतं, आणि तो इन्फ्रारेड डिटेक्टरवर मोजला जातो. म्हणजे यंत्र शेवटी तोच वायू मोजतं जो सुरुवातीला हाकलून दिला होता! फरक इतकाच की पहिला आम्लाने सुटला, दुसरा जाळावा लागला.

तेव्हा रिपोर्टवरचा ‘सेंद्रिय कार्बन’ म्हणजे आम्ल आणि बुडबुडे यांनी न गेलेला कार्बन. ही कामापुरती व्याख्या आहे आणि तिला तोटेही आहेत. क्लोरोफॉर्म किंवा पेट्रोलमधले हलके घटक बुडबुड्यांबरोबर बरेचसे उडून जातात, ते पक्के सेंद्रिय असूनही या आकड्यात नीट येत नाहीत. तुमच्या बोअरच्या शेजारी पेट्रोल पंप असेल आणि गळतीची शंका असेल तर टीओसीवर विसंबू नका, गॅस क्रोमॅटोग्राफीची वेगळी तपासणी सांगा. तशी शंका नसेल तर हा आकडा कामाला पुरेसा आहे.

आता मूळ प्रश्न, संयुग सेंद्रिय ठरतं कशाने?

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनचे बर्झेलियस वगैरे मंडळी सरळ मानत होती की वनस्पती-प्राण्यांतले पदार्थ आणि दगड-धातूंमधले पदार्थ हे मुळातच वेगळे, आणि पहिल्या जातीचे पदार्थ करायला जीवनशक्ती लागते. १८२८ मध्ये त्यांचाच विद्यार्थी व्होलर याने अमोनियम सायनेट तापवून युरिया केला आणि गुरूंना पत्राने कळवलं की मला मूत्रपिंडाशिवाय युरिया करता येतो. जीवनशक्तीची कल्पना त्या एका प्रयोगाने रातोरात मेली असं जे सांगतात ते जरा रंगवलेलं आहे. लोक बराच काळ कुरकुरत राहिले. १८४५ मध्ये कोल्बे यांनी कार्बन डायसल्फाइडपासून सुरुवात करून अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, केलं तेव्हा शंकेखोरांची जागा आणखी आक्रसली. आज अलिबागजवळ थळच्या कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड प्रचंड दाबाखाली एकत्र आणून युरिया करतात. आत जाणारे दोन्ही पदार्थ असेंद्रिय, बाहेर पडणारं पोतं सेंद्रिय संयुगाचं. आणि त्या प्रक्रियेत युरियाबरोबर काय तयार होतं? पाणी.

जीवनशक्ती गेली, पण दोन घरं राहिली. कारण दुसऱ्या बाजूने कार्बनचा स्वभाव खरंच वेगळा निघाला. त्याला चार हात, आणि ते हात तो दुसऱ्या कार्बनला धरायला वापरतो. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे साधारण ३४६ किलोज्यूल लागतात. त्याचाच भाऊ सिलिकॉन, त्याचा आपसातला बंध २२० च्या आसपास, आणि त्याला ऑक्सिजन दिसला की तो तिकडेच धावतो, कारण तिथे ४५० च्या वरचा पक्का बंध मिळतो. म्हणून सिलिकॉनची वाळू झाली. नायट्रोजन-नायट्रोजन, ऑक्सिजन-ऑक्सिजन हे एकेरी बंध तर १५० च्या आसपासच रेंगाळतात. लांब साखळ्या, फांद्या, कडी करून त्या खोलीच्या तापमानाला टिकवणं कार्बनला जमतं तसं दुसऱ्या कुणाला जमत नाही. त्यातून कोट्यवधी संयुगं झाली. त्यांचा अभ्यास करायला वेगळी शाखा लागणारच.

प्रश्न सीमेवर येतो. ‘कार्बन आहे ते सेंद्रिय’ म्हटलं तर शहाबादी फरशी, गोटी सोड्यातला वायू आणि हिरा सगळे आत येतात. म्हणून बरेच शिक्षक पुढची व्याख्या देतात: कार्बन-हायड्रोजन बंध असेल ते सेंद्रिय. ही बरी आहे, नव्वद टक्के वेळा चालते, पण आग्रहाने धरली तर फसवते. युरियात कार्बनला हायड्रोजन थेट जोडलेला नाही, त्याचे हायड्रोजन नायट्रोजनवर बसलेत. ऑक्झॅलिक आम्लातले दोन्ही हायड्रोजन ऑक्सिजनवर. कार्बन टेट्राक्लोराइड आणि कढईवरचं टेफ्लॉन, यांत हायड्रोजन औषधालाही नाही. चारही सेंद्रिय रसायनाच्या पुस्तकात सापडतात.

मी शिकाऊ मुलांना सांगतो ते असं: कार्बनचा सांगाडा बघा. कार्बन कार्बनला किंवा हायड्रोजनला जोडलेला असेल, किंवा तशा संयुगातला हायड्रोजन काढून तिथे दुसरं काही बसवलंय असं दिसत असेल, तर सेंद्रिय धरा. मिथेनच्या चारही हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसवा, कार्बन टेट्राक्लोराइड झालं. म्हणून ते आत. आणि त्यानंतर बाहेर ठेवायची यादी पाठ करा: मूलद्रव्यरूपी कार्बन, कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड, कार्बोनेट, बायकार्बोनेट, कार्बाइड, सायनाइड, सायनेट. यातली काही नावं तर्काने बाहेर आहेत, काही निव्वळ रूढीने. युरिया आत आणि अमोनियम सायनेट बाहेर, यात दोघांमध्ये अणू तेच आणि तितकेच आहेत हे लक्षात घेतलं तर रूढीचा वाटा किती ते कळतं. वेल्डिंगवाल्याच्या डब्यातलं कॅल्शियम कार्बाइड असेंद्रिय; त्यावर पाणी पडलं की निघणारं अ‍ॅसिटिलीन सेंद्रिय. एका शिंतोड्यात कार्बन या घरातून त्या घरात गेला.

इथवरचं एकदा गोळा करतो. पाण्याच्या रेणूत कार्बन नाही. तुमच्या बोअरच्या पाण्यात दोन तऱ्हेचा विरघळलेला कार्बन आहे: जास्तीचा बायकार्बोनेटच्या रूपात, असेंद्रिय; थोडासा कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून, मातीतून आलेल्या संयुगांचा, सेंद्रिय. मीठ विरघळलं म्हणून पाण्याचा रेणू खारट होत नाही, तसं हा कार्बन विरघळला म्हणून पाणी सेंद्रिय होत नाही.

आता युरियाबद्दल एक गंमत, कारण पाणी तपासणाऱ्यांना ती पुन्हा पुन्हा भेटते. सांडपाण्यात आम्ही टीओसीपेक्षा सीओडी, म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणीची चाचणी, जास्त करतो. पाण्यातल्या गोष्टी ऑक्सिडाइझ करायला किती ऑक्सिजन लागेल ते तो सांगतो. पोटॅशियम डायक्रोमेट आणि जहाल सल्फ्युरिक आम्लात सॅम्पल दोन तास १५० अंशांवर ठेवायचं, मग उरलेलं डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने मोजायचं. फेरॉइन या निर्देशकाचा रंग निळसर हिरव्यातून एकदम विटकरी होतो तो क्षण चुकवायचा नाही. मळीपासून अल्कोहोल करणाऱ्या डिस्टिलरीचा स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी, असा तपासला तर सीओडी लिटरमागे लाख मिलिग्रॅमच्या घरात येतो. नदीत सोडायच्या पाण्याची मर्यादा २५० आहे, यावरून कल्पना करा. आता एक लिटर पाण्यात एक ग्रॅम युरिया टाका. टीओसी येईल २००, कारण युरियात वजनाने पाचवा हिस्सा कार्बन. सीओडी? जवळजवळ शून्य. कारण युरियातला कार्बन आधीच पूर्ण ऑक्सिडाइझ झालेला आहे, अगदी कार्बन डायऑक्साइडमध्ये असतो तितकाच, आणि नायट्रोजन अमोनियम होऊन डायक्रोमेटच्या हाती न लागता निसटतो.

म्हणजे एकच सॅम्पल, एक चाचणी म्हणते सेंद्रिय पदार्थ भरपूर, दुसरी म्हणते काहीच नाही. दोन्ही खोटं बोलत नाहीत. एक कार्बनचे अणू मोजते, दुसरी त्यांची जळायची भूक. नदीला मात्र हे पाणी निरुपद्रवी नसतं. तिथे जिवाणू युरियाचा अमोनिया आणि अमोनियाचं नायट्रेट करतात आणि त्या एका ग्रॅमपायी दोन ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन खाऊन टाकतात. म्हणून खत कारखान्याच्या सांडपाण्याचा नुसता सीओडी दाखवून ‘सगळं ठीक’ म्हणणाऱ्याला आधी अमोनियाचा आकडा विचारावा.

मुलीला घरी काही करून बघायचं असेल तर साखर आणि मीठ वेगवेगळ्या जुन्या चमच्यांत तापवायला सांगा, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. साखर वितळून काळी पडेल, तो कोळसा म्हणजे कार्बन. मीठ तसंच राहील. पण ही कसोटी अंतिम समजू नका. अल्कोहोल काळं न पडता उडून जातं किंवा निळ्या ज्योतीने जळून जातं, आणि खाण्याच्या सोड्यात कार्बन असून तो काळा पडत नाही.

त्याहून मला आवडणारा प्रयोग टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ) मीटरचा आहे. आरओ विकायला येणारा माणूस हा पेनासारखा मीटर ग्लासात बुडवून घाबरवतो, तोच. आरओच्या पाण्याच्या ग्लासात एक चमचा साखर विरघळवा आणि मीटर धरा. आकडा जवळपास हलत नाही. दुसऱ्या ग्लासात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, आकडा झपकन शेकड्यांत जातो. साखरेत वजनाच्या ४२ टक्के कार्बन आहे, सोड्यात १४ टक्के. त्या साखरेच्या ग्लासाचा टीओसी लिटरमागे दहा हजार मिलिग्रॅमच्या आसपास असेल, तरी मीटर म्हणतो पाणी उत्तम! कारण तो फक्त वीज वाहून नेणारे आयन बघतो. साखर आयनांत फुटत नाही, सोडा फुटतो. पाण्यात सेंद्रिय काही आहे का हे टीडीएस मीटर सांगत नाही, विक्रेता काहीही म्हणो.

काकांच्या कार्बन फिल्टरबद्दल. पहिली गोष्ट, सॅम्पल बोअरचं होतं, आरओच्या आधीचं, त्यामुळे संबंधच येत नाही. दुसरी, त्या फिल्टरमधला कोळसा बहुधा नारळाच्या करवंटीचा असतो आणि पाण्यात विरघळत नाही. नवी कार्ट्रिज बसवल्यावर पहिल्या पाण्यात काळी भुकटी येते, ते पाणी सोडून द्यायचं, बस. उलट हा कोळसा क्लोरीन आणि बरेचसे सेंद्रिय पदार्थ धरून ठेवतो. क्षार मात्र तो काढत नाही, बायकार्बोनेट त्यातून आरामात पलीकडे जातं. घरात ‘कार्बन’ लावल्याने पाण्यातला सेंद्रिय कार्बन कमी होतो, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण तसं आहे.

आता तुमच्या आकड्यांचं काय करायचं? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, अल्कलिनिटीची इष्ट मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. २४० ला घाबरायचं कारण नाही, गिझरला त्रास होईल इतकंच. टीओसी १.४ हाही बोअरच्या पाण्याला साजेसा आहे. तो महत्त्वाचा ठरतो तो सोसायटी टाकीत क्लोरीन घालत असेल तर. १९७४ मध्ये रॉटरडॅमला रूक यांनी दाखवून दिलं की पाण्यातले कुजलेल्या वनस्पतींचे पदार्थ आणि क्लोरीन यांच्यातून क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडं तयार होतात. आपल्या मानकात क्लोरोफॉर्मला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा आहे ती त्यामुळेच. पण म्हणून क्लोरीन बंद करू नका. जंतूंचा धोका त्याहून कितीतरी जवळचा आणि रोजचा आहे, आणि १.४ ला ही काळजी फारशी लागत नाही. पहिल्या पावसात सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्याचं पाणी चहासारखं होतं, तसं पाणी वापरणाऱ्याने आधी ते गाळून, तुरटीने निवळून मग क्लोरीन घालावं.

मुलीला परीक्षेत विचारलं तर तिने लिहावं: पाणी असेंद्रिय संयुग आहे, त्यात कार्बन नाही, सेंद्रिय संयुगं म्हणजे कार्बनची संयुगं, त्यातून ऑक्साइड, कार्बोनेट, बायकार्बोनेट, कार्बाइड, सायनाइड वगळून. युरियाचं उदाहरण जोडलं तर तपासणारा खूश होईल. कार्बन-हायड्रोजन बंधाची व्याख्या तिच्या शिक्षकांनी दिली असेल तर परीक्षेपुरती तीच लिहावी, वाद नंतर घालावा.

तुम्ही हा टीओसी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकदा करून घ्या. १.४ चा १.८ झाला तर दुर्लक्ष करा. ४-५ झाला तर टीओसीच्या मागे न लागता आधी कोलिफॉर्म, म्हणजे मैलापाण्याची खूण देणाऱ्या जिवाणूंची, तपासणी करा आणि सेप्टिक टँक किंवा गटाराची लाइन बोअरच्या किती जवळून जाते ते बघा; जिवाणू आहेत की नाहीत हे टीओसी सांगत नाही. सॅम्पल प्रयोगशाळेने दिलेल्या काचेच्या बाटलीतच घ्या, काठोकाठ भरा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. आणि बाटली उघडण्याआधी हाताला सॅनिटायझर लावू नका. त्याचा एक थेंब लिटरभर पाण्यात पडला तर सुमारे १४ मिलिग्रॅम सेंद्रिय कार्बन वाढतो, तुमच्या आत्ताच्या आकड्याच्या दहापट, आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोअर बंद करण्याचा ठराव येतो.